देवळाच्या फुलबागेचा नवा आराखडा आणि जुनी झाडं : अंत्रुज महालातलं एक प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या, म्हणजे जुन्या अंत्रुज महालातल्या, एका देवस्थानने आपल्या जुन्या फुलबागेचं नूतनीकरण काढलं आणि काम अर्ध्यावर आल्यावर मला बोलावलं. बागरचना हा माझा व्यवसाय. देवस्थानचं नाव इथे देत नाही, कारण निर्णय घेताना बरीच ओढाताण झाली आणि त्यातली सगळी माणसं आजही तिथेच सेवेला आहेत. पण प्रकरण सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं. गोव्यात आज कितीतरी देवळांच्या आवारात हेच चाललंय. जीर्णोद्धार होतो, पेव्हर ब्लॉक बसतात, रोषणाई येते, गाड्यांना जागा होते आणि पुढच्या काही वर्षांत आवारातली जुनी झाडं एकेक करून वाळत जातात. त्यांच्यावर कोणी कुऱ्हाड चालवलेली नसते, म्हणून दोषही कोणाकडे जात नाही.

बाग कशी होती

सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळोशीहून, म्हाळसा वेर्णेहून नदी ओलांडून अंत्रुजात आली. पोर्तुगीज सत्ता या महालात पोचली ती 1763 मध्ये. मधल्या काळात इथल्या खोऱ्यांत देवळं वसली, ती बहुधा झरीच्या आणि कुळागरांच्या (पोफळींच्या बागांच्या) आसऱ्याने. हे देवस्थानही तसंच. डोंगराच्या पायथ्याशी झर, तिचं पाणी तळीत, तळीचं जादा पाणी पाटाने फुलबागेत आणि तिथून खाली पोफळींच्या कुळागरात. पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानासारखी वाटा आणि बॅन्डस्टँड आखून केलेली ही बाग नव्हे. हिचा नकाशा कधी कागदावर आलाच नाही. पाट जिथून गेला तिथे वाफे झाले, पुजेला जे फूल लागलं ते लावलं गेलं, आणि जी झाडं तगली ती मोठी झाली.

मी पाहिली तेव्हा बागेत दोन ओवळी होत्या (देशावर हिला बकुळ म्हणतात), एक सुरंगी, एक नागचाफा, तळीच्या बाजूला उंडी, अग्रशाळेच्या (देवळाच्या धर्मशाळेच्या) अंगाला घोटांचा, म्हणजे बिटक्या फळांचा, एक प्रचंड आंबा, आणि कोपऱ्यात चाफ्याची तीन वाकडी झाडं. मुख्य चौकाजवळ पाराचा वड. शिवाय तळीच्या चिऱ्यांच्या भिंतीतून उगवलेला एक पिंपळ, ज्याला कोणी लावलं नव्हतं.

झाडं किती जुनी, याबद्दल गावात पाचशे वर्षांपासून पुढे आकडे सांगतात. मी आकडा लिहून दिला नाही. आपल्याकडच्या सदाहरित झाडांत वर्षाला एक अशी स्पष्ट वलयं धरली जातीलच असं नाही, त्यामुळे घेर मोजून वय काढणं हा अंदाजच ठरतो. अग्रशाळेच्या जुन्या फोटोत मागे ओवळ पूर्ण वाढलेली दिसते, तेवढा पुरावा मला पुरेसा होता. अशी सुरंगी आज लावली तर लावणारा तिच्या सावलीत बसणार नाही. राखायला हवं हे ठरवायला यापेक्षा जास्त इतिहास लागत नाही.

मूळ आराखडा

एका दात्याकडून चांगली देणगी आली होती. त्यावर आधीच्या ठेकेदाराने जो आराखडा दिला, त्यात सगळी बाग पेव्हर ब्लॉकने फरसबंद होती. प्रत्येक झाडाभोवती गुडघाभर उंच काँक्रीटचा गोल पार, त्यात माती भरून शोभेची झुडपं. मधोमध लॉन आणि कारंजं. खोडांना दिव्यांच्या माळा. पाट बुजवून त्या जागी सिमेंटचं गटार. आराखड्याच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एकही झाड तोडलं जाणार नाही.

समितीतल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. वाक्य वाचून सगळ्यांना समाधान वाटलं होतं. पण दिव्यांच्या केबलसाठी आंब्याच्या पश्चिमेला, खोडापासून जेमतेम दीड मीटरवर, जेसीबीने चर मारला गेला. समितीतल्या एका निवृत्त शिक्षकांना चरातून बाहेर आलेली मुळांची थोटकं दिसली आणि त्यांनी काम थांबवायला लावलं. त्यांच्यामुळे मी तिथे पोचलो.

चुन्याची वर्तुळं

झाडाचं मूळ म्हणजे खोल गेलेलं सोटमूळ, असं चित्र आपल्या मनात शाळेपासून असतं. मोठ्या झाडाचं पाणी आणि अन्न शोषणारं बहुतेक मूळजाळ मात्र वरच्या दोन फुटांतच असतं आणि ते फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतं. अंत्रुजात तर खाली जांभा. त्याच्या भेगांतून काही मुळं उतरतात, पण बाकीची जांभ्यावरच्या पातळ मातीतच आडवी धावतात.

कामाला सुरुवात केली ती मोजपट्टीने. जगभर बांधकामाच्या जागी झाडं राखताना एक साधा हिशेब वापरतात: छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा, त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, आणि त्या वर्तुळात खोदाई, भराव, यंत्रं, वाळू-चिऱ्यांचे ढीग काहीही येऊ द्यायचं नाही. मोठ्या ओवळीचा घेर 2.4 मीटर भरला. म्हणजे व्यास 76 सेंटिमीटर आणि वर्तुळाची त्रिज्या 9 मीटरच्या थोडी वर. सुरंगीचा घेर 1.6 मीटर, त्रिज्या 6 मीटर. ही वर्तुळं कागदावर दाखवून उपयोग नव्हता. समितीच्या बैठकीच्या दिवशी सकाळी दोरी धरून ती चुन्याने जमिनीवरच आखली.

बैठक बागेत उभ्यानेच झाली. वर्तुळं एकमेकांत शिरली होती. लॉनची जागा पूर्ण त्यांच्या आत होती, कारंजंही. मोकळी उरली ती तळीच्या पायऱ्यांपासून चौकाकडे जाणारी एक वाकडी पट्टी आणि अग्रशाळेसमोरचा तुकडा. खजिनदारांनी विचारलं, "म्हणजे करायला काही उरलंच नाही की काय?" मग आम्ही ओवळीच्या वर्तुळात, खोडापासून सहा मीटरवर, हाताने एक वीतभर रुंद चाचणी खड्डा घेतला. खुरपं आणि ब्रश, पहार नाही. बोटभर मातीखालीच मुळं लागली. आधी केसासारखी पांढरी तपकिरी जाळी, मग पेन्सिलीएवढी, आणि दोन वितींच्या आत मनगटाएवढं एक मूळ, जांभ्याला धरून आडवं गेलेलं. पेव्हर ब्लॉकसाठी याच जागी नऊ इंच खोदून, रोलर फिरवून, खडीचा थर द्यायचा होता. खजिनदार खाली बसून ते मूळ बराच वेळ बघत होते. त्यांनी परत तो प्रश्न विचारला नाही.

रोलरचं नुकसान दिसत नाही म्हणून ते जास्त वाईट. मातीच्या कणांमध्ये जी पोकळी असते तिच्यातून मुळांना हवा मिळते. ती दाबली गेली की पावसाचं पाणी मुरत नाही, वरून वाहून जातं, आणि मुळं गुदमरतात. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इतकं पाणी पडूनही फरसबंदीतली झाडं वैशाखात तहानेने सुकतात. झाड लगेच मरत नाही. आधी शेंड्याच्या फांद्या बोडक्या होतात, मग पाच-सात वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात ते आडवं होतं, आणि लोक म्हणतात म्हातारं झालं होतं.

आंब्याचा निर्णय

या प्रकरणातला सगळ्यात कठीण भाग हाच.

हा आंबा मानकुराद नव्हे. लहान, रसाळ, बिटक्या फळांचा, ज्यांना आपण घोटां म्हणतो. जत्रेच्या जेवणात याच झाडाच्या घोटांचं सासव (मोहरी-खोबऱ्याचं कालवण) होत असे, आणि गावातल्या बायकांना त्याची चव वेगळी ओळखू येते. त्यामुळे हे झाड वाचावं ही सगळ्यांची इच्छा होती, माझीही.

चर हाताने आणखी उघडून पाहिला. पश्चिमेकडची चार जाडजूड मुळं यंत्राने फाडलेली होती. बुंध्याशी दोन ठिकाणी तपकिरी, चकचकीत अळंब्या बाहेर आलेल्या होत्या. ही गॅनोडर्मा बुरशी आतून लाकूड कुजवते. बाहेर अळंब्या दिसायला लागतात तोवर आत बरंच काम झालेलं असतं. शिवाय खोडातल्या जुन्या ढोलीत पूर्वी कधीतरी सिमेंट भरलं होतं. पूर्वी हा उपचार मानला जाई, आता तो सोडून दिला आहे. झाड वाऱ्याने हलतं, सिमेंट हलत नाही, फटीत पाणी साचतं आणि कूज वाढते. ढोली मोकळी, हवेशीर राहिलेलीच बरी.

यातलं एकेक असतं तर फांद्यांचा भार हलका करून झाड ठेवता आलं असतं. पण मोसमी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो, आणि वाऱ्याच्या बाजूची मुळं झाडाला मागे खेचून धरतात. नेमकी तीच तुटली होती. झाड पडलं असतं तर पूर्वेला, अग्रशाळेवर, जिथे जत्रेच्या दिवसांत कुळावी (हे कुलदैवत असलेले भक्त) कुटुंबांसह उतरतात. मी झाड उतरवण्याचा सल्ला दिला. एका महाजनांनी (देवस्थानच्या हक्कदार सभासदांनी) खूप विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की बाहेरून माणूस आणला तो झाडं वाचवायला आणि त्याने पहिलं झाड तोडायला सांगितलं. त्यांचा राग मला पटत होता. तरी सल्ला बदलण्यासारखं काही नव्हतं.

गोव्यात 1984 च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली खासगी आणि देवस्थानच्या जमिनीतलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शिवाय देवस्थानांचा कारभार 1933 च्या नियमनाखाली चालतो आणि मामलेदार हा प्रशासक असतो. तेव्हा दोन्हीकडे कागद गेले. वन खात्याची पाहणी झाली, परवानगी आली. पावसाआधी झाड वरून खाली, दोर लावून, तुकड्या-तुकड्यांनी उतरवलं, म्हणजे शेजारच्या नागचाफ्याला धक्का बसू नये. बुंध्याचा कापलेला भाग पाहिला तेव्हा मधला जवळजवळ अर्धा हात करडा, भुसभुशीत होता. विरोध करणारे महाजन तिथे होते. त्यांनी घोटांच्या बाठा आधीच रुजत घातल्या होत्या. त्यांतली दोन रोपं आता अग्रशाळेच्या मागे, इमारतीपासून पुरेशी लांब लावली आहेत. बाठीचं झाड आईसारखंच फळ देईल याची खात्री नसते, म्हणून आंबा उतरवण्याआधी काढलेल्या डोळकाड्यांची कलमंही बांधून घेतली.

पार, पाट आणि वाट

पाराबद्दल समितीला समजावणं सोपं गेलं नाही, कारण वडाचा पार समोरच होता आणि वड ठणठणीत होता. वड-पिंपळाच्या जातीला खोडातून नवी मुळं फुटतात, त्यामुळे बुंध्याभोवती भराव पडला तरी ती सावरतात. ओवळ, सुरंगी, नागचाफा यांना ही सोय नाही. दोन फूट माती त्यांच्या मुळांवर टाकली की खालची मुळं हवेविना जातात आणि बुंध्याची साल ओलीने सडते. धाकट्या ओवळीभोवती पूर्वीच केलेला एक पार होता. त्यातली माती हळूहळू, दोन पावसाळ्यांच्या अंतराने काढली. आत खोडाची साल एका बाजूने मऊ झालेली होती, पण कूज आत शिरली नव्हती. चिरे तसेच ठेवले, फक्त आतली माती मूळ पातळीवर आणली. आता लोक कठड्यावर बसतात, झाडही मोकळं आहे.

पाट उघडण्याचं काम मला सगळ्यात आवडलं. अर्धं गटार आधीच बांधून झालं होतं. ते फोडलं तेव्हा खाली जुन्या पाटाचे घडीव चिरे जागच्या जागी मिळाले, उतारही मूळचाच. कुळागराच्या जुन्या मुकादमांना कुठे पाटाला फाटा फुटत होता हे पाठ होतं. ते काठीने दाखवत गेले आणि गडी माती काढत गेले. पाणी सोडल्यावर ते तळीपासून खालच्या पोफळींपर्यंत वाटेत कुठेही न तुंबता गेलं. नव्या सिंचनावर जो खर्च धरला होता, तो सगळा वाचला.

वाट मात्र हवीच होती. जत्रेला शेकडो माणसं बागेतून तळीकडे जातात, आणि वाट नसली की ती मुळांवरूनच चालतात. त्यामुळे मोकळ्या वाकड्या पट्टीतूनच वाट काढली. दोन ठिकाणी तिला वर्तुळात शिरावं लागलं. तिथे अजिबात खोदलं नाही. जमिनीवर जाळीचं कापड अंथरलं, त्यावर भुकटी नसलेली मोठी खडी, आणि वर सुटे चिरे, सिमेंटच्या सांध्यांशिवाय. पाणी आणि हवा खाली जाते. वाट आसपासच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झाली, म्हणून कडेने सौम्य उतार दिला.

इथे भटजींनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी माझ्या आराखड्यात नव्हती. ते पहाटे ओल्या सोवळ्याने, अनवाणी, हातात कळशी घेऊन तळीवरून येतात. श्रावणात चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि गुळगुळीत चिऱ्यावरून पाय सटकतो. म्हणून वाटेच्या चिऱ्यांना वरून टाकी मारून ते खरखरीत करून घेतले. पेव्हर ब्लॉक मे महिन्यात अनवाणी पायाला किती भाजतात, हेही त्यांनीच समितीला सांगितलं. ब्लॉकचा विषय माझ्या मुळांच्या चाचणी खड्ड्याने जितका मागे पडला नाही, तितका त्या एका वाक्याने पडला.

तळीच्या भिंतीतला पिंपळ

पिंपळाच्या मुळांनी तळीच्या भिंतीचे सात-आठ चिरे पुढे ढकलले होते. भिंत गेली असती तर तळी गेली असती, आणि तळीच्या पाण्यावर बाकीची सगळी बाग होती. माझ्या मते पिंपळ काढायला हवा होता, आणि तो लहान असतानाच काढायला हवा होता. पण पिंपळाला हात लावायला गडी तयार नव्हते. समितीने देवाला कौल लावला. पाकळी उजवी आली, म्हणजे देवाचा होकार मिळाला. त्यानंतर भटजींनी पूजा केली, झाडाची रीतसर परवानगी घेतली आणि मगच काम झालं.

कौलाचा उल्लेख मी प्रकरण रंगतदार व्हावं म्हणून केलेला नाही. देवळाच्या बागेत काम करणाऱ्याने आपल्या कामाच्या दिवसांत या पद्धतीसाठी जागा ठेवायला हवी. आम्ही ती ठेवली होती, त्यामुळे कोणाला कोणावर लादल्यासारखं वाटलं नाही. पिंपळाचं खोड कापून मुळं भिंतीत तशीच ठेवली, ओढून काढली असती तर भिंत उसवली असती. फुटवे येतील तसे वर्षभर खुडत राहावं लागलं. ढिले चिरे चुन्यात परत बसवले.

फुलांचं काय

आवारात शोभेची झुडपं नकोत, पुजेची फुलं हवीत, यावर फुलकार कुटुंबातल्या आजी ठाम होत्या. गेली काही वर्षं देवाला लागणारी फुलं बाजारातून, बहुतेक गोव्याबाहेरून येत होती. म्हार्दोळ गावच्या जायांचा, म्हणजे जाईच्या फुलांचा, मान सगळ्या गोव्याला ठाऊक आहे. तसा आपल्या देवळातही एक वाफा असावा, असं त्यांना वाटे. जाईला ऊन लागतं आणि बागेत ऊन नव्हतं. आंबा गेल्याने अग्रशाळेसमोर जो उजेड पडला, तिथे जाईचे वाफे केले. ओवळींच्या कडेला, अर्ध्या सावलीत, अबोली आणि तगर. वर्तुळांच्या आत काहीही खोदून लावलं नाही. अबोलीची रोपंही लहान, मुळं चुकवून, हाताने.

पालापाचोळ्यावर एक खरा पेच पडला. आधी रोज झाडलोट करून पाला बुंध्याशीच जाळत. त्याने सुरंगीची साल एका बाजूने भाजलेली होती. आगपेटी बंद केली आणि पाला मुळांवर अंथरायला सांगितलं. पण ओवळीची फुलं रात्री गळतात आणि पहाटे बायका ती जमिनीवरून वेचतात. पाचोळ्यात ती बारीक फुलं सापडायची कशी? आजींनीच तोड काढली. फुलाच्या दिवसांत संध्याकाळी ओवळीखाली जुनी सुती लुगडी अंथरायची, सकाळी फुलं झटकून घेऊन लुगडी उचलायची. पाला खाली राहतो, फुलं वर स्वच्छ मिळतात. सुरंगीला हे लागत नाही. तिची फुलं फांद्यांना, जुन्या लाकडालाच चिकटून येतात आणि कळी उमलायच्या आत शिडी लावून काढावी लागतात. त्यासाठी पूर्वी खोडात खिळे ठोकून पायऱ्या केल्या होत्या. ते खिळे सालीने अर्धे गिळले आहेत, ते काढायचा आग्रह धरला नाही. नवे मात्र ठोकू दिले नाहीत, बांबूची शिडी दिली.

एका बैठकीत चाफ्यावर प्रश्न निघाला. चाफा मूळचा अमेरिकेतला, मग देवळाच्या बागेत परकी झाडं कशाला, असं एका तरुण सदस्याचं म्हणणं होतं. मिरची आणि काजूही तिकडचेच, आणि दोन्ही आपल्या स्वयंपाकात आहेत. देवाला चाफा वाहणाऱ्या किती पिढ्या झाल्या, हे महत्त्वाचं. तीनही झाडं राहिली.

दिव्यांच्या माळा उतरवल्या. जत्रेपुरते दिवे खांबांवर लागतात, खोडांवर नाही. खोडांना गेरू-चुना लावायची जुनी रीत चालू ठेवली, तिने झाडाचं काही बिघडत नाही.

आजची स्थिती

काम संपून तीन पावसाळे झाले. मोठ्या ओवळीच्या शेंड्याला जो बोडकेपणा यायला लागला होता तो वाढलेला नाही, आणि गेल्या वर्षी खालच्या फांद्यांवर नवी पालवी दाट आली. सुरंगी भाजलेल्या बाजूने अजून सालीचा कड भरून काढतेय. नागचाफ्याबद्दल मी अजून निश्चिंत नाही. आंबा गेल्यावर त्याच्यावर अचानक ऊन पडलं आणि पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडची पानं करपली. गेल्या दोन वर्षांत फुलं आली, पण थोडी. त्याच्या मुळांवर पाल्याचा थर जाड ठेवला आहे आणि फाल्गुनापासून पाटाचं पाणी आठवड्यातून एकदा त्याच्या बाजूला वळवतात.

सगळं सुटलेलं नाही. गाड्यांना जागा हवी ही मागणी दर जत्रेला येते, आणि बागेची सपाट जमीन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. मागच्या वर्षी दोन ट्रक एका रात्रीसाठी ओवळीच्या वर्तुळात उभे राहिले. मी समितीला सुचवलं आहे की वर्तुळांच्या कडेने कमरेएवढ्या उंचीचे चिऱ्यांचे खुंट उभे करावेत, म्हणजे पाय जाईल पण चाक जाणार नाही. खुंटांचा खर्च या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरला आहे. प्रत्येक झाडाची एक वही केली आहे, तिच्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर फोटो, घेर, अळंबी दिसल्यास तिची जागा, कापलेली फांदी, सगळं नोंदवतात. ती वही निवृत्त शिक्षक लिहितात. पुढच्या समितीकडे ती हिशेबाच्या दप्तरासोबत सोपवायची, असा ठराव महाजनांच्या सभेत मंजूर झाला आहे.